जिवाचा मोबदला

नाशिक शहराची ख्याती दोन परस्परविरुद्ध गोष्टींबद्दल आहे, आणि त्या दोहोंमध्ये अंतर म्हणाल तर जेमतेम तीन कोसांचे. एकीकडे पंचवटीत गोदावरीचा घाट. तेथे मनुष्य जन्मभर साचलेले पाप टाकून देण्यासाठी येतो. दुसरीकडे नाशिकरोडचा सरकारी छापखाना. तो १९२५ साली उभा राहिला, आणि १९२८ पासून तेथे देशाच्या चलनी नोटा छापल्या जाऊ लागल्या. तेथून जे बाहेर पडते ते साठविण्यासाठी उरलेला देश धडपडत असतो. त्या छापखान्यातील कामगार दिवसभर नोटांचे ताव हाताळतो आणि संध्याकाळी महिनाअखेरची विवंचना करीत घरी जातो. हाताखालून गेलेले धन निराळे आणि आपले झालेले धन निराळे, हा भेद त्याच्याइतका स्पष्ट दुसऱ्या कोणास कळत असेल असे आम्हांस वाटत नाही.

या भेदाच्याही पलीकडे नेणारा एक प्रश्न येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांस विचारल्याचे मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. मत्तय आणि लूक यांनीही तो नोंदविला आहे. आमच्या शब्दांत सांगावयाचा तर तो असा: अवघे जग एखाद्याच्या पदरात पडले, पण त्या सौद्यात त्याचा जीवच हातचा गेला, तर त्यास नफा झाला की तोटा? आणि गेलेला जीव सोडवून आणावयाचा झाल्यास त्याच्यापाशी देण्यासारखे उरले ते काय? आम्ही ख्रिस्ती नाही. जुन्या वळणाच्या हिंदू घरात आम्ही वाढलो. परंतु इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात ज्याच्या आयुष्याची तीस वर्षे गेली त्यास बायबल टाळता येत नाही, आणि त्या ग्रंथात ज्या थोड्या जागी आमचे पाऊल दरवेळी अडखळते त्यांत ही एक आहे.

या प्रश्नात आम्हांस प्रथम लक्षात येते ती त्याची भाषा. ती मंदिरातली नाही, पेढीवरची आहे. लाभ, हानी, मोबदला हे सारे शब्द वहीखात्यातले. जग मिथ्या आहे, त्याचा मोह धरू नको, असे प्रश्न विचारणारा म्हणत नाही. जग खरे आहे, त्याचा लाभही खरा आहे. मात्र दुसऱ्या पारड्यात काय घातले आहे ते एकवार पाहून घे, एवढेच त्याचे म्हणणे. संन्याशाच्या तोंडी शोभणारा हा उपदेश नव्हे. चार पैसे मिळवून मुलेबाळे पोसणाऱ्या, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या, संसारी माणसास त्याच्याच भाषेत घातलेला हा पेच आहे. म्हणूनच तो चुकवून पुढे जाता येत नाही.

दुसरी गोष्ट त्या 'जीव' या शब्दाची. ग्रीक मुळात 'प्सुखे' हा एकच शब्द लागोपाठ येतो. इंग्रजीच्या १६११ सालच्या प्रसिद्ध भाषांतरकारांनी एका वाक्यात त्याचा अर्थ 'लाइफ' केला आणि लगेच पुढच्या वाक्यात 'सोल' केला; १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतराने दोन्हीकडे 'लाइफ' घातले. आम्हां मराठी वाचकांची मात्र अशी कुतरओढ होत नाही. मराठी शुभवर्तमानात येथे 'जीव' हा शब्द आहे, आणि त्याहून चांगला शब्द मिळाला नसता. आपल्या भाषेत जीव म्हणजे नुसता श्वासोच्छ्वास नव्हे. माणूस कामात जीव ओततो, लेकरास जीव लावतो, एखाद्या गोष्टीवर त्याचा जीव जडतो, नावडते काम त्याच्या जिवावर येते. ज्याने माणूस जगतो आणि ज्याच्यासाठी जगावेसे वाटते, ती दोन्ही या एका शब्दात नांदतात. आणि चैनीसाठी मुंबईस जाऊन खिसा रिकामा करणाऱ्याबद्दल 'जिवाची मुंबई केली' असे म्हणणाऱ्या आमच्या पूर्वजांनी तर नकळत या प्रश्नावर भाष्यच करून ठेवले आहे!

येथे कोणी म्हणेल, आमच्याकडे 'आत्मा' हा अधिक थोर शब्द असता जिवाचे कौतुक कशाला? थोर खरा, पण त्याच्या थोरवीमुळेच तो येथे उपयोगी पडत नाही. गीतेतला आत्मा शस्त्राने तुटत नाही, अग्नीने जळत नाही. मग तो गमावला जाईल कसा आणि विकला जाईल कसा? जे हरवूच शकत नाही त्याच्या किमतीची चौकशी कोणी करीत नाही. या सिद्धांताने आमच्या देशात कित्येकांस मृत्यूसमोर निर्भय केले, हे आम्ही विसरत नाही. परंतु त्याच्या आडोशाने कित्येकांची झोपही सुखाची झाली. याच नाशकात, आत्मा सर्वांभूती एक आहे असे नित्य म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष काळाराम मंदिराच्या दाराशी येऊन उभे राहिले, आणि दारे बंद झाली. सत्याग्रह पुढे कित्येक वर्षे रेंगाळला; दारे उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आत्म्यास काही इजा होत नाही म्हणून निश्चिंत राहिलेल्या समाजास समोरच्या माणसाचा जीव किती दुखावला आहे हे दिसले नाही. जीव दुखावतो, हरवतो, विकलाही जातो. म्हणून त्याची किंमत विचारावी लागते.

आपल्या परंपरेत हा प्रश्न कोणी विचारलाच नाही असे मात्र नव्हे. बृहदारण्यकातील मैत्रेयीने नवऱ्याच्या वाटणीपत्रापुढे नेमका हाच प्रश्न ठेवला होता: धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी तिने मी अमर होईन काय? कठोपनिषदातील नचिकेत्यासमोर यमाने हत्ती, घोडे, सोने आणि दीर्घायुष्य यांची रास मांडली, तीही त्याने परत केली. पण मैत्रेयी आणि नचिकेता दोघेही सौदा नाकारणारी माणसे. सौदा करून मोकळ्या झालेल्या माणसाचे काय होते, हे पाहावयाचे तर मार्लोच्या नाटकातील डॉक्टर फॉस्टसकडे वळावे लागते. या पंडिताने चोवीस वर्षांच्या सामर्थ्याबद्दल सैतानास स्वतःच्या रक्ताने करार लिहून दिला. नाटक शिकविताना वर्गातील एखादा हुशार विद्यार्थी हमखास म्हणतो, "सर, चोवीस वर्षे म्हणजे सौदा काही वाईट नाही." वर्ग हसतो. मग आम्ही विचारतो, त्या चोवीस वर्षांत त्याने केले काय? विश्वाचे गूढ उकलू पाहणारा हा माणूस अदृश्य होऊन पोपच्या ताटाशी थट्टा करतो, घोड्याच्या गिऱ्हाइकास फसवितो, आणि एका सरदारपत्नीच्या डोहाळ्यांसाठी भर हिवाळ्यात द्राक्षे आणवितो. नाशिकच्या मुलांस द्राक्षांचे विशेष हसू येते. पण हसू ओसरल्यावर मुद्दा मनात उतरतो. विकणाऱ्यास जग पुरतेपणी मिळतच नाही. हाती येतात ती काही अवेळी द्राक्षे. शिवाय आजकाल करार एका रात्रीत रक्ताने लिहिला जात नाही. एके ठिकाणी खोटी सही, दुसऱ्या ठिकाणी सोयीचे मौन, तिसऱ्या ठिकाणी वरिष्ठांच्या विनोदास मन मारून दिलेली दाद, असे हप्ते पडत जातात. आणि हप्ता लहान असला म्हणजे भारी वाटत नाही.

या प्रश्नाने ज्यांची आयुष्ये फिरली त्यांत आपल्या परिसराशी संबंध असलेले एक नाव फ्रान्सिस झेवियरचे. नवार प्रांतातील खानदानी घराण्यातला हा तरुण पॅरिसच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवीत होता आणि मोठ्या पदाकडे त्याची नजर लागली होती. इग्नेशियस लोयोला याने हाच प्रश्न त्याच्या कानी पुनःपुन्हा घातला, असे परंपरा सांगते. पदाची वाट सोडून झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरला. वैभवाकडे त्याने खरोखरच पाठ फिरविली, हे त्याचे विरोधकही मान्य करतील. परंतु याच झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशनची मागणी केली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १५६० साली ते न्यायासन तेथे बसले. त्याच्या जाचाने किती कुटुंबे घरदार सोडून दक्षिणेस गेली, हे कोकणी घराण्यांच्या आठवणीत अद्याप आहे. स्वतःचा जीव जगाहून मोलाचा मानणारा मनुष्य दुसऱ्याच्या जिवावर सत्ता चालवू इच्छितो, तेव्हा त्याच्या हिशेबात काहीतरी चुकते. काय चुकते, याचे उत्तर आम्हांस गोव्याहून जवळ, नाशकाच्या एका कन्येच्या आयुष्यात अधिक स्वच्छ दिसते.

नारायण वामन टिळक यांचे नाव मराठी वाचकास सांगावयास नको. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण संस्कृताचा पंडित, वक्ता आणि हाडाचा कवी होता. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांस नवा करार वाचावयास दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन गुंतले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ काय होता हे आज ध्यानात येणे कठीण आहे. धर्म सोडणाऱ्याचा वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क जाऊ नये म्हणून सरकारने १८५० साली एकविसावा कायदा केला होता, तो उगाच नव्हे. पण कायदा शेताचा तुकडा वाचवू शकत होता. पंक्तीतले पान, बहिणीचे माहेरपण, श्राद्धाच्या दिवशीची हाक, यांतले काहीएक त्यास परत आणता येत नव्हते. टिळकांनी ते सर्व पाण्यात सोडले. पैसा तर त्यांच्या हाती कधी टिकलाच नाही. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरीही सोडली, 'देवाचा दरबार' मांडला, आणि दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते निवर्तले. जग आणि जीव यांच्या तराजूत जिवाचे पारडे जड ठरविणारा याहून चांगला साक्षी आधुनिक महाराष्ट्रात शोधून सापडावयाचा नाही.

पण या जमाखर्चाचे दुसरे पान लिहिले गेले आहे, आणि ते लिहिले आहे त्यांच्या पत्नीने. लक्ष्मीबाई मूळच्या नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरच्या. जन्म १८६८ चा. त्यांच्या वडिलांचे सोवळे असे की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यावयाची नाही. अशा घरातून आलेल्या, अकराबारा वर्षांच्या वयात लग्न झालेल्या या बाईस नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी कळली तेव्हा ती सत्ताविशीतही नव्हती, आणि मूल लहान होते. नवरा जिवंत, आणि तरी संसार बुडालेला. पुढची जवळजवळ पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने गेली; त्यांतला काही काळ पंढरपुरास, विठोबाच्या पायांशी. टिळकांनी जीव राखला. त्याची किंमत येथे मोजली जात होती. नंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे गेल्या, प्रथम आपले सोवळे सांभाळून, वेगळी चूल मांडून. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला, आणि तो संपल्यावरच, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली निघाला. दोन वर्षांनी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, नाशकातच त्यांचे देहावसान झाले. त्या ग्रंथात नवऱ्याबद्दल कटुता नाही, स्वतःबद्दल कीव नाही. उलट वाचक पानोपानी हसतो. हसतो, आणि मग थांबून मनाशी म्हणतो, हे सारे या बाईने सोसले तरी कसे?

टिळकांस दोष लावण्याचा आमचा हेतू नाही. पत्नीने परत यावे म्हणून त्यांनी केलेली तळमळ त्याच ग्रंथात दिसते, आणि अंतःकरणास पटलेले सत्य घरच्यांच्या सोयीसाठी दडपून ठेवणे हीही जिवाची विक्रीच झाली असती. पेच खराखुरा आहे तो येथे. सत्यासाठी जग सोडावे, हे खरे. पण जे जग आपण सोडतो त्यात माणसे असतात, आणि त्या माणसांस जीव असतो. आपल्या त्यागात त्यांचा भाग किती, हे सांगणारी एक कथा टिळकांच्याच आवडत्या संताची आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक म्हणत. त्या तुकारामांच्या घरी सावकारी होती. दुष्काळात सारे विटल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेली खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुष्कळांच्या ध्यानातून निसटते ते असे, की परंपरेप्रमाणे त्यांनी आधी त्या कागदांची वाटणी केली. निम्मे धाकट्या भावास, कान्होबास, दिले. बुडविले ते आपल्या वाटणीचे. विरक्तीच्या ऐन लाटेतही या वाण्याचा हिशेब चुकला नाही. आपला भाग आपण बुडवावा. भावाचा त्याच्यापाशी राहू द्यावा. आवलीच्या वाट्यास काय आले, हे मात्र त्या वाटणीत कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. ती कोंड्याचा मांडा करीत राहिली.

दुसऱ्याच्या जिवाची किंमत हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. पण नाशकात एके काळी अशी मुले राहत होती की ज्यांच्या जिवाची किंमत बाजारात खरोखर ठरली होती. शहराला लागून ख्रिस्ती मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविलेले शरणपूर आज केवळ एका गजबजलेल्या रस्त्याच्या नावाने लोकांच्या तोंडी उरले आहे. हिंदी महासागरात गुलामांची ने-आण करणारी गलबते इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी पकडली, म्हणजे त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईस उतरविली जात. त्यांतली पुष्कळशी शरणपुरास आली. येथे ती लिहावाचावयास आणि सुतारकी-लोहारकी करावयास शिकली. यांतल्या काहींस डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ साली आपल्याबरोबर आफ्रिकेत घेऊन गेला, आणि १८७२ साली आणखी काही त्याच्या मदतीस पाठविण्यात आली. त्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ साली चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला तेव्हा त्याच्या आफ्रिकन सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. प्रार्थना वाचली नाशकास शिकलेल्या वेनराइटने, झाडावर अक्षरे कोरली तीही त्याने. मग ते शव त्यांनी कित्येक महिने रानावनांतून खांद्यावर वाहत समुद्रकिनाऱ्यास आणले. त्यांपैकी बहुतेकांस तेथे वेतन देऊन निरोप देण्यात आला. वेनराइट मात्र शवाबरोबर इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत ते दफन झाले तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तो एक होता.

या माणसांस त्या प्रवासात लाभ कोणता होता? प्रेत टाकून ती आपापल्या वाटेने गेली असती तर त्यांस विचारणारे कोणी नव्हते. ज्यांचा जीव एके दिवशी कापडाच्या तुकड्यांच्या बदल्यात मोजला गेला होता, त्यांनी दुसऱ्या माणसाच्या निष्प्राण देहासही किंमत आहे असे मानले. जिवाचे मोल त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नसावे. ज्याच्यावर किमतीची चिठ्ठी लागून गेली असेल त्यास ते अंगावरच्या वळांनी कळते.

जिवाची किंमत या विषयावर बोलताना आणखी एका गोष्टीबद्दल मौन पाळणे बरे नव्हे. आमच्या वर्गातील सुशिक्षित घरांत, टिळकांबद्दल आदराने बोलणारे लोकच, दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या गोरगरिबांविषयी 'पोटासाठी बाटले' असे तुच्छतेने म्हणतात. पंडिताने जग सोडले म्हणून तो थोर, आणि १८७६-७७ किंवा १८९९-१९०० च्या दुष्काळात मुलाच्या तोंडी घास पडावा म्हणून ज्याने मिशनचे दार ठोठावले त्याने धर्म विकला! असा निवाडा देणाऱ्याने मार्काचा तोच आठवा अध्याय आरंभापासून वाचावा. जिवाच्या किमतीचा प्रश्न अध्यायाच्या शेवटी येतो. आरंभी काय आहे? चार हजारांचा जमाव तीन दिवस उपाशी आहे. असेच परत पाठविले तर वाटेत ही माणसे कोसळतील, या चिंतेने ख्रिस्त त्यांस आधी जेवू घालतो. ज्याने आधी भाकरीची व्यवस्था केली त्यालाच पुढे जिवाची किंमत विचारण्याचा अधिकार पोहोचला. भरल्या पोटी उपाशी माणसास तो प्रश्न विचारणे यासारखी दुसरी निर्दयता नाही. आणि भरल्या पोटाच्या माणसाने तो स्वतःस न विचारणे, हाही काही मोठा पुरुषार्थ नव्हे.

गेल्या हिवाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी सपत्नीक भेटावयास आला. पुण्यास मोठ्या पगाराची नोकरी. पण ती सोडून आपल्याच जिल्ह्यातील सुरगाण्याकडील पाड्यांवर मुलांस शिकवीत राहावे, असे त्याच्या मनाने घेतलेले. त्याचे वडील आदल्याच आठवड्यात येऊन, "तुम्ही त्यास समजावा, तुमचे तो ऐकेल," असे डोळ्यांत पाणी आणून सांगून गेले होते. मुलगा बोलत होता ते सर्व खरे होते. कंपनीत आपण जे करतो त्याचा कोणास उपयोग आहे असे वाटत नाही, रात्री झोप येत नाही, जीव गुदमरतो. त्याने 'जीव' हाच शब्द वापरला. आम्ही ऐकून घेतले, आणि शेजारी गप्प बसलेल्या त्याच्या पत्नीकडे वळून विचारले, "तुझे काय म्हणणे?" ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "सर, यांनी मला विचारले नाही असे नाही. पण ठरवून झाल्यावर विचारले." मुलगा काही बोलणार होता, तो थांबला. ती पुढे म्हणाली, "मला यायचे नाही, असेही माझे म्हणणे नाही. फक्त माझा विचार अजून व्हायचा आहे."

आम्ही त्यांस तुकारामांच्या वाटणीची गोष्ट सांगितली. 'नोकरी सोडू नको' असे म्हणालो नाही, 'सोड' असेही म्हणालो नाही. मुलाच्या वडिलांस हा सल्ला मुळीच आवडला नाही, आणि त्यांची नाराजी आम्ही समजू शकतो. एकुलत्या मुलाच्या शिक्षणासाठी ज्याने स्वतःच्या हौशी मारल्या त्या बापाचाही या हिशेबात एक रकाना आहे. उन्हाळ्यापर्यंत थांबून, दोघांनी मिळून काही महिने त्या पाड्यांवर राहून, मग ठरवावयाचे असे ते दोघे बोलून गेले. पुढे काय होईल ते होवो. मात्र घरातून निघताना ती बाई आल्यापेक्षा ताठ चालत होती, एवढे आम्ही पाहिले.

ख्रिस्ताचा प्रश्न एकवचनी आहे. एक मनुष्य, त्याचे एक जग, त्याचा एक जीव. त्यामुळे वाचणारा सहजच असे समजतो की हा आपला आणि आपल्या देवाचा खासगी मामला आहे. जग देऊन आपला जीव सोडविला की हिशेब मिटला. परंतु प्रत्येक जीव जर साऱ्या जगाहून मोलाचा, तर शेजारी बसलेल्याचाही तितकाच मोलाचा. आणि जे 'जग' मी औदार्याने टाकून देतो त्यात त्याचा जीव मोडला गेला असेल, तर मी जगाहून मोलाचे काही खर्ची घातले आहे आणि ते माझे नव्हते. लोभी मनुष्य दुसऱ्याचा जीव नफ्यासाठी खर्चितो. कधी कधी विरक्त मनुष्य तो पुण्यासाठी खर्चितो. खर्ची पडणाऱ्यास त्यांत फारसा फरक जाणवत नाही.

म्हणून जग सोडूच नये, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. तसा काढला तर टिळक घडले नसते, आणि आपल्या भित्रेपणास कुटुंबवत्सलतेचे नाव देण्याची सवय मध्यमवर्गास मुळातच पुष्कळ आहे. आमचे सांगणे इतकेच, की घरात असा प्रसंग आला, मग तो सोडण्याचा असो की मिळविण्याचा, नोकरीचा असो की धर्माचा, तर शुभवर्तमानातल्या त्या प्रश्नाबरोबर 'स्मृतिचित्रे'ही शेजारी ठेवून वाचावे. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या मृत्यूने आरंभीच्या काही अध्यायांवर थांबले; पुढले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते पुरे केले. ज्या बाईस लहानपणी कोणी शाळेत घातले नाही, नवऱ्याच्या निर्णयात जिचे मत कोणी घेतले नाही, तिने त्याचे अपुरे राहिलेले काम हाती घेतले आणि तडीस नेले. टिळकांनी जगाच्या बदल्यात जे मिळविले त्यात हा जीव होता. तो त्यांनी विकत घेतला नव्हता, आणि त्याचा मोबदला त्यांस देता आला असता असेही नाही.